चार्जर लावलेलाच राहू दे, पण शंभरावर नको

विट्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. पुण्यातल्या कंपनीचं काम त्या घरून करतात. लॅपटॉप तीन वर्षांचा. सकाळी नऊला चार्जरला लावला की रात्री आठलाच काढायचा, असा रोजचा शिरस्ता. बसायची जागा गच्चीवरची पत्र्याची खोली. आता लाईट गेली की लॅपटॉप तासभरही तग धरत नाही. बॅटरीचा रिपोर्ट काढला तर मूळ क्षमता ४५,००० मिलिवॉट-अवर, आत्ताची १९,००० च्या आसपास, आणि सायकल (एकूण वापर शंभर टक्के भरला की एक सायकल) फक्त ६१. त्या विचारतात, एवढी कमी वापरली तरी बॅटरी गेली कशी? नवी टाकली तर चार्जर लावून ठेवू, की काढ-घाल करू? मिस्टरांचं म्हणणं बॅटरी काढूनच ठेवावी, भावाचं म्हणणं पूर्ण उतरवल्याशिवाय चार्जच करू नये. शेवटी विचारलंय, की जुनी बॅटरी स्पेअर म्हणून ठेवली तर चालेल का?

ताई, तुम्ही ६१ हा आकडा दिलात म्हणून बरं झालं, निम्मं निदान त्यातच आहे. सांगलीत विश्रामबागला माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या बॅटऱ्यांत दोन जाती सरळ दिसतात. एक, कॉलेजच्या पोरांच्या. दिवसातून दोनदा उतरवलेल्या, सायकल पाचशे-सहाशे झालेल्या, झिजून गेलेल्या. दुसऱ्या, ऑफिसातल्या, पेढीवरच्या, घरून काम करणाऱ्यांच्या. सायकल पन्नास-साठ आणि तरी क्षमता निम्म्याच्या खाली. तुमची दुसऱ्या जातीतली. ती वापरून गेलेली नाही. तीन वर्षं पूर्ण भरलेली राहिली, तीही पत्र्याच्या खोलीत, त्याने गेली.

आधी चार्जरवरचा आळ काढून टाकू. "रात्रभर लावून ठेवला तर ओव्हरचार्ज होतो" हे अजूनही रोज ऐकतो. लॅपटॉपमध्ये चार्जिंगचं सर्किट वेगळं असतं. ते बॅटरीला आधी ठरावीक करंट देतं, सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला पोचला की तो व्होल्टेज धरून करंट कमी कमी करत नेतं आणि शेवटी बंद करतं. त्यानंतर मशीन थेट अडॅप्टरवर चालतं, बॅटरी बाजूला बसून असते. ती आपोआप थोडी उतरली, बहुतेक मशीनमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास आली, की पुन्हा टॉप-अप. म्हणून कधी कधी "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असं दिसतं. त्यासाठी धावत दुकानात येणारे लोक आहेत. बऱ्याच वेळा तो बिघाड नसतो, मशीन शहाणपणाने थांबलेलं असतं.

मग चार्जर लावून ठेवल्याने बॅटरी खराब होते हे खोटं का? तेही नाही. खरा त्रास चार्जरचा नाही, शंभर टक्क्यांचा आहे.

लिथियम-आयन सेल सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्टचा धरतात, पण पूर्ण भरला की तो ४.२ व्होल्टवर जातो. नव्या पातळ मशीनमधले काही सेल त्याहूनही वर, ४.३५-४.४ पर्यंत. या उंचीवर आतलं रसायन स्वस्थ नसतं. धन बाजूला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधलं द्रव, हळूहळू बिघडत राहतं. ऋण बाजूच्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तो जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात कायमचं अडकतं. जे अडकलं ते गेलं, कुठल्याही सॉफ्टवेअरने किंवा "बॅटरी रिपेअर" अ‍ॅपने परत येत नाही. हे सगळं बॅटरी नुसती पडून असतानाही चालू असतं. तुमच्या ६१ सायकलींचं उत्तर हेच. सायकल म्हणजे झिजेचा एक हिशोब. वयाचा हिशोब वेगळा चालतो, तो रिपोर्टात छापून येत नाही.

आणि त्या वयाला जोर देते ती उष्णता. या धंद्यात वर्षानुवर्षं फिरणारा एक तक्ता आहे, सेल वर्षभर नुसता ठेवला तर किती क्षमता उरते याचा. ४० टक्के भरलेला सेल २५ अंशांत ठेवला तर वर्षाने साधारण ९६ टक्के क्षमता राहते. तोच पूर्ण भरून ठेवला तर ८०. आता तापमान ४० अंश करा: अर्धवट भरलेल्याची ८५, पूर्ण भरलेल्याची ६५. आजचे सेल यापेक्षा थोडे बरे निघतात, पण क्रम बदललेला नाही. नुसती उष्णता वाईट, नुसतं शंभर वाईट, आणि दोन्ही एकत्र आलं की सर्वांत वाईट. विट्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी गाठते. पत्र्याखाली त्याच्याही वर, आणि लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसरची ऊब वेगळी. म्हणजे तुमची बॅटरी उन्हाळाभर वर सांगितलेल्या शेवटच्या आकड्याच्याही पलीकडे होती.

तर नव्या बॅटरीसाठी पहिलं आणि सगळ्यांत मोठं काम: चार्जर लावलेलाच ठेवा, पण भरायची मर्यादा ८० वर आणा. यासाठी बाहेरून काही विकत घ्यावं लागत नाही, बहुतेक कंपन्यांनी सोय आतच दिलेली आहे. लोकांना माहीत नसते आणि विकणारा सांगत नाही. लेनोव्होमध्ये व्हँटेज नावाच्या अ‍ॅपात कॉन्झर्व्हेशन मोड आहे. जुन्या मशीनमध्ये तो ५५-६० वर थांबवतो, नव्यांत ७५-८० वर. आसुसमध्ये मायआसुस अ‍ॅपात बॅटरीच्या भागात ८० आणि ६० असे पर्याय मिळतात. डेलमध्ये थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, "प्रायमरिली एसी यूज" (बहुतेक वेळ चार्जरवर) आहे, शिवाय कस्टम घेऊन कुठे चार्ज सुरू व्हावा, कुठे थांबावा हे स्वतः ठरवता येतं. एचपीच्या ऑफिस वापराच्या मॉडेलांत मशीन सुरू होताना एफ-टेन दाबून बायोसमध्ये गेलं की बॅटरी हेल्थ मॅनेजर दिसतो. त्यात "मॅक्सिमाइझ माय बॅटरी हेल्थ" निवडलं की ८० वर थांबतं. एसरमध्ये केअर सेंटर अ‍ॅप. मॅकबुकमध्ये २०२० पासून मशीन तुमची सवय ओळखून स्वतःच ८० वर थांबायचा प्रयत्न करतं. मेनूची नावं मॉडेलप्रमाणे इकडची तिकडे होतात, पण "बॅटरी" आणि "चार्ज" हे शब्द धरून शोधलं की सापडतं.

काही स्वस्त किंवा जुन्या मशीनमध्ये ही सोय नसतेच. तिथे इंटरनेटवरून कसलंही अ‍ॅप उतरवून उपयोग नाही. चार्जिंग थांबवण्याचा हुकूम मदरबोर्डवरच्या कंट्रोलर चिपकडे असतो, बाहेरचं अ‍ॅप फार तर ८० झाले म्हणून घंटा वाजवेल. अशा मशीनला माझा सल्ला साधा आहे: लावून ठेवा, थंड ठेवा आणि बाकी विसरा.

८० की ६०? मशीन टेबलावरून कधीच हलत नसेल आणि घरात इन्व्हर्टर असेल तर ६० उत्तम. तुमच्याकडे लाईटीचा भरवसा नाही, मीटिंग चालू असताना गेली तर बॅकअप लागतो, म्हणून ८०. पावसाळ्याच्या तोंडावर वळवाच्या पहिल्या वाऱ्यातच तारा तुटतात, अशा दिवसांत किंवा पुण्याला जायच्या आदल्या रात्री खुशाल शंभर करा. चार दिवस शंभरावर राहिल्याने काही होत नाही, चार उन्हाळे राहिल्याने होतं.

आता काढ-घाल. शंभर झाले की काढायचं, वीसवर आलं की लावायचं, हा सल्ला ऐकायला संयमी वाटतो. पण हिशोब मांडा. एका फेरीत ८० टक्के वापर झाला. दिवसात दोन फेऱ्या म्हणजे १६० टक्के, म्हणजे १.६ सायकल, कारण सायकल मोजताना एकूण वापराचे शंभर टक्के धरतात, चार्जर किती वेळा लावला ते नाही. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर ४८० सायकल. साध्या लॅपटॉपच्या बॅटरीचं आयुष्य साधारण ३०० ते ५०० सायकलचं मानतात. म्हणजे काळजी घेता घेता वर्षात बॅटरी संपवली. कॉलेजच्या पोरांचं हेच होतं, फक्त ती काळजीपोटी करत नाहीत, वर्गात पॉइंट नसतो म्हणून करतात. टेबलावर बसून काम करणाऱ्याने हे करण्यात काही अर्थ नाही.

तुमच्या भावाचं "पूर्ण उतरवून चार्ज करा" कुठून आलं तेही सांगतो. पूर्वी निकेल-कॅडमियम बॅटऱ्या होत्या. त्या अर्धवटच वापरत राहिलं तर तेवढ्याच क्षमतेची सवय लागल्यासारख्या वागायच्या, म्हणून अधूनमधून रिकाम्या करायला सांगत. नवीन बॅटरी आधी आठ तास चार्ज करा हेही त्याच काळातलं. लिथियम-आयन १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना. बॅटरी बदलून तीस वर्षं उलटली, सल्ला मात्र तोच राहिला. लिथियमला शून्यापर्यंत नेणं उलट त्रासाचं, छोटे छोटे उतार तिला जास्त मानवतात.

दुसरा गोंधळ घरातल्या इन्व्हर्टरमुळे होतो. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी सतत भरलेली राहण्यातच टिकते, उतरलेली ठेवली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. तिच्यात पाणी घालणारा माणूस घरी येऊन "बॅटरी फुल ठेवा" सांगतो तेव्हा तो त्याच्या बॅटरीबद्दल बरोबर बोलत असतो. लॅपटॉपच्या बॅटरीला मात्र सतत फुल राहणं मानवत नाही.

तरी पूर्ण चार्ज-उताराची एक फेरी अधूनमधून लागते, वेगळ्या कारणाने. बॅटरीच्या आत एक छोटी चिप आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत बसलेली असते आणि त्यावरून टक्के सांगते. महिनोन्‌महिने ८० वर ठेवलं की तिचा अंदाज चुकायला लागतो. मग ३५ टक्के दाखवता दाखवता मशीन एकदम बंद पडतं. असं व्हायला लागलं तर मर्यादा काढून एकदा शंभर करा, साधं काम करत दहाच्या आसपास येऊ द्या, पुन्हा शंभर करा आणि मर्यादा परत लावा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. याने क्षमता वाढत नाही, फक्त काटा खरं बोलायला लागतो.

मिस्टरांचा बॅटरी काढून ठेवायचा सल्ला दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मशीनला तरी कसाबसा लागू होता. तेव्हा खाली दोन कळ सरकवल्या की बॅटरी हातात यायची. आता ती आत स्क्रूने बसवलेली असते. काढलीच तर लॅपटॉप डेस्कटॉपसारखा होतो, महावितरणची लाईट लुकलुकली की सगळं बंद. मार्केट यार्डातल्या एका पेढीवर असंच केलं होतं. लाईट गेली तेव्हा टॅलीत नोंदी चालू होत्या, डेटा बिघडला आणि बॅकअप आठवड्याचा जुना. बॅटरीचे पैसे वाचले, त्याच्या कितीतरी पट अकाउंटंटच्या रात्री गेल्या. शिवाय काही लॅपटॉप जास्त काम पडलं की अडॅप्टरच्या जोडीला बॅटरीतूनही थोडी ताकद घेतात. बॅटरी नसली की प्रोसेसर मंद करतात. जुन्या मॅकबुकमध्ये हे स्पष्ट दिसायचं.

याच कारणाने अडॅप्टर पुरेशा वॉटचा हवा. हल्ली टाइप-सी आलं आणि लोक मोबाइलच्या चार्जरवर लॅपटॉप चालवायला लागले. मशीनला ६५ वॉट हवेत आणि चार्जर ३० चा, तर चार्जर लावलेला असूनही व्हिडिओ कॉलवर बॅटरी उतरत राहते, मग रात्री भरते. सायकल फुकट जातात आणि कारण कळत नाही. चार्जरच्या मागे वॉट छापलेले असतात, मूळ अडॅप्टरइतके किंवा जास्त असले की झालं. आणि धातूच्या बॉडीवर मनगट टेकवलं की झिणझिण्या येत असतील तर तो बॅटरीचा दोष नाही, बऱ्याचदा घरातल्या पॉइंटला अर्थिंग नसतं. वायरमन बोलवा.

उष्णतेचं मात्र थोडं मनावर घ्यावं लागेल, कारण तुमच्या बाबतीत तेच मुख्य आहे. उन्हाळ्यात दुपारी तरी खालच्या मजल्यावर बसता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर पत्र्याखाली पीओपी किंवा थर्माकोलचं छत, पत्र्यावर पांढरा रंग, जे परवडेल ते. त्याचा फायदा लॅपटॉपआधी तुम्हाला होईल. मशीन कठीण सपाट जागेवर ठेवा. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या गोधडीवर ठेवलं की खालची हवा बंद होते. मागची बाजू बोटभर उचलली तरी फरक पडतो. कूलिंग पॅड घ्यायलाच हवा असं काही नाही.

पंखा मात्र वर्ष-दीड वर्षातून साफ करून घ्या. सांगलीत आमच्याकडे हळदीच्या पेढ्यांवरची मशीन येतात, त्यांच्या जाळ्या पिवळ्या झालेल्या असतात. धूळ आणि हळदीचा असा घट्ट थर बसतो की पंखा फिरतो, पण हवा बाहेर पडत नाही. विट्यात हळद नसेल, पण धूळ काही कमी नाही. साफ करतानाच थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा लेप) बदलून घेतली तर प्रोसेसर थंड राहतो, आणि त्याच पेटीतली बॅटरीही. आणखी एक: काम झालं की चालू मशीन तसंच बॅगेत कोंबू नका. स्लीपमध्ये गेलंय असं आपल्याला वाटतं, ते आत जागं होऊन अपडेट घेत बसतं आणि बॅगेची भट्टी होते.

नवी बॅटरी घेताना दोन-तीन गोष्टी बघा. कंपनीची मिळाली तर तीच, महाग पडली तरी. कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्याने बनवलेली, घ्यायची वेळ आली तर लेबलवर आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा; भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेल-बॅटऱ्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) ही नोंदणी सक्तीची आहे. वॉट-अवर जुन्या बॅटरीशी जुळतात का बघा. त्याच आकारात दीडपट क्षमता छापली असेल तर ती छापखान्यात वाढलेली आहे. उत्पादनाची तारीख बघा, कारण बॅटरी दुकानाच्या फळीवरही म्हातारी होते. बसवून झाली की दुकानातच पुन्हा रिपोर्ट काढा. तुम्हाला जमलंय, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागूनच बॅटरीरिपोर्ट हा शब्द, सगळं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करून एंटर दाबायचं. फाइल कुठे तयार झाली ते खालीच लिहून येतं. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी जवळपास सारखे दिसले पाहिजेत. पहिल्याच दिवशी मोठा फरक असेल तर परत करा, गोड बोलण्यात गुंतू नका.

मशीन महिना-दोन महिने वापरणार नसाल तर अर्धी भरून, पूर्ण बंद करून, घरातल्या थंड खोलीत ठेवा. आणि भिजलेली बॅटरी कधीही चार्ज करू नका, वाळली असं वाटलं तरी. ऑगस्ट २०१९ च्या सांगलीतल्या पुरानंतर गावभागातून, मारुती रोडवरून लॅपटॉप आले. ज्यांनी उन्हात वाळवून चार्जर लावला त्यांचे बोर्डही गेले. ज्यांनी न लावता आणले त्यातले काही बॅटरी बदलून पुन्हा चालू झाले.

राहिली जुनी बॅटरी. स्पेअर म्हणून ठेवू नका. क्षमता ४२ टक्क्यांवर आलेली बॅटरी कपाटात आणखी उतरत जाईल आणि गरजेच्या दिवशी उठणारच नाही. त्याआधी एक तपासा: टचपॅड वर आलाय का, क्लिक दबत नाही का, टेबलावर मशीन डुगडुगतं का, मशीनच्या खालच्या झाकणाला फट पडलीय का. यातलं काही असेल तर बॅटरी फुगलीय, आत गॅस धरलाय. मग नव्या बॅटरीची वाट बघत ती वापरत राहू नका. मशीन बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचायचा तर अजिबात नाही. फुगलेली असो वा नसो, ती भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देऊ नका. कचऱ्यात दबली, चिरडली की पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे नवी घ्याल तिथेच जुनी द्यायचं आधी ठरवून घ्या. द्यायच्या आधी तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा.